तलवार आणि चेटूक यांच्या साहसकथा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यातील एका गावात आमचे छोटे वाचनालय आहे. दाराच्या डाव्या हाताला जे लोखंडी कपाट आहे, त्याचे खालचे दोन कप्पे तलवारी, मांत्रिक, पडके मनोरे आणि शापित रत्ने यांच्या गोष्टींनी भरलेले आहेत, आणि वाचनालयातील सर्वांत जास्त फाटलेली पुस्तके याच दोन कप्प्यांत सापडतात. या पुस्तकांविषयी वाचक, पालक आणि कधी कधी शाळेतील गुरुजीही जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे एकदा लिहून ठेवावीत असे ठरवले, म्हणून हे पान.

तलवार-चेटूक कथा म्हणजे नेमकी कोणती कथा?

इंग्रजीत या प्रकाराला ‘सोर्ड अँड सॉर्सरी’ म्हणतात. मराठीत ‘अद्भुत साहसकथा’ म्हणता येईल, पण त्या नावाखाली परीकथेपासून अवकाशप्रवासापर्यंत सगळेच जमा होते. म्हणून वाचनालयाच्या नोंदवहीत मी सरळ ‘तलवार-चेटूक’ असे लिहितो. खूण सोपी आहे. एक माणूस असतो, बहुधा परमुलखातला आणि बहुधा खिशाने रिकामा. त्याच्याजवळ एखादे शस्त्र आणि स्वतःचे अंगबळ यांखेरीज काही नसते. समोर मंत्रतंत्राच्या जोरावर माजलेली एखादी सत्ता असते, आणि सगळा निकाल एका रात्रीत, फार तर चार-आठ दिवसांत लागतो. जग वाचवण्याची जबाबदारी या माणसावर कोणी टाकलेली नसते, त्याने ती मागितलेलीही नसते. त्याला चोरी करायची असते, सुटायचे असते, सूड घ्यायचा असतो किंवा नुसते पोट भरायचे असते.

हे नाव कोणी दिले आणि पहिली कथा कोणती?

या प्रकाराला नाव असावे अशी चर्चा इंग्रज लेखक मायकेल मूरकॉक यांनी सुरू केली आणि १९६१ साली अमेरिकन लेखक फ्रिट्झ लायबर यांनी हे नाव सुचवले. कथा मात्र त्याआधी तीन दशके लिहिल्या जात होत्या. ‘वीअर्ड टेल्स’ या १९२३ साली सुरू झालेल्या अमेरिकन मासिकात ऑगस्ट १९२९ मध्ये रॉबर्ट हॉवर्ड यांची कल नावाच्या राजाची एक कथा आली, तिला बहुतेक अभ्यासक या प्रकारातील पहिली कथा मानतात. त्याच मासिकाच्या डिसेंबर १९३२ च्या अंकात हॉवर्ड यांचा कोनान पहिल्यांदा अवतरला, आणि आज तलवार-चेटूक म्हटले की वाचकांना आधी तोच आठवतो.

त्या पहिल्या कोनानकथेचा जन्म सांगण्यासारखा आहे. हॉवर्ड यांनी कलवर आणखी एक कथा लिहिली होती, तिच्यात राजाविरुद्धचा कट होता, कुऱ्हाड होती, पण चेटूक नव्हते, आणि ती कोणी घेतली नाही. त्यांनी ती पडून राहू दिली नाही. कलच्या जागी कोनान आणला, कटाच्या जोडीला एक मांत्रिक आणि त्याने सोडलेले एक भयंकर जनावर घातले, आणि परत आलेली कथा खपली. तलवारीला चेटकाची जोड मिळाल्याशिवाय काय उणे राहते, हे त्या दोन खर्ड्यांवरून जितके कळते तितके कोणत्याही व्याख्येवरून कळत नाही. माणसाने माणसाला मारले तर ती बातमी होते. माणसाने न समजणाऱ्या गोष्टीला तोंड दिले की तिची गोष्ट होते.

हे हॉवर्ड कोण होते?

हा प्रश्न विचारणाऱ्यास बहुधा एखादे मोठ्या शहरातले, मोठ्या ग्रंथालयात बसणारे गृहस्थ अपेक्षित असतात. रॉबर्ट हॉवर्ड यांचा जन्म २२ जानेवारी १९०६ रोजी टेक्सास राज्यात झाला आणि त्यांचे बहुतेक लेखन क्रॉस प्लेन्स या आडगावी, आईवडिलांच्या घरातील एका चिंचोळ्या खोलीत झाले. वडील गावोगाव फिरणारे डॉक्टर होते, आई दीर्घकाळ क्षयाने आजारी होती. टंकयंत्रावर लिहिताना हॉवर्ड वाक्ये मोठमोठ्याने म्हणत, आणि ती ओरड रस्त्यापलीकडच्या शेजाऱ्यांना ऐकू येई. त्यांच्या कथा आजही मोठ्याने वाचल्या की जास्त रंगतात, त्याचे कारण मला तरी यातच दिसते.

त्या भागात जमिनीखाली तेल सापडले आणि पाहता पाहता परगावचे लोक, दलाल, जुगारी आणि गुंड यांनी लहान लहान गावे भरून गेली. तेल आटले तसे ते सगळे निघून गेले. हॉवर्ड यांनी हे लहानपणापासून पाहिले होते. सुधारलेली नगरे आतून किडलेली असतात आणि रानटी म्हणवला जाणारा माणूस निदान दिलेला शब्द पाळतो, हा त्यांच्या कथांतून सतत येणारा विचार पुस्तकांतून आलेला नाही, तो दारासमोरच्या रस्त्यावरून आलेला आहे.

मासिकाकडून पैसे मात्र वेळेवर मिळत नसत. हॉवर्ड यांनी १९३५ साली संपादकांना थकलेल्या रकमेविषयी काकुळतीचे पत्र लिहिले होते, कारण आईच्या उपचारांचा खर्च वाढत चालला होता. हे मी वाचनालयात सांगतो तेव्हा कोणालाही समजावून सांगावे लागत नाही; कापूस घालून चुकाऱ्यासाठी महिनोन्‌महिने खेटे घातलेल्या माणसाला लेखकाचा चुकारा थकणे म्हणजे काय ते लगेच कळते. आई आता शुद्धीवर येणार नाही असे कळले त्या दिवशी, ११ जून १९३६ रोजी, हॉवर्ड यांनी स्वतःचा जीव घेतला. वय तीस वर्षे. आपल्या जिल्ह्यांत हे वाक्य नुसते वाचून पुढे जाता येत नाही, म्हणून मीही त्यावर अधिक लिहीत नाही.

पहिल्यांदा वाचणाऱ्याने कोणती कथा घ्यावी?

हत्तीच्या मनोऱ्याची. मार्च १९३३ च्या ‘वीअर्ड टेल्स’मध्ये ती आली. कोनान अजून पोरगेला आहे, चोरी नुकती शिकतो आहे, आणि एका नगरातील उंच, चकाकत्या मनोऱ्यात एक मोठे रत्न आहे असे त्याच्या कानावर येते. मनोरा यारा नावाच्या मांत्रिकाचा. बागेत सिंह, आत विषारी कोळी, आणि सोबतीला एक मुरलेला चोर, जो अर्ध्या वाटेतच मरतो.

ही कथा मी अनेक वर्षांपूर्वी जागलीवर सांगितली होती. हरभऱ्याचे घाटे भरले की आमच्याकडे रात्रीची जागल सुरू होते, कारण रोही आणि रानडुकरे यांचे कळप एका रात्रीत एकरभर पीक लोळवून जातात. धुऱ्यावर शेकोटी होती, पाच-सहा जण होते, आणि मी बॅटरीच्या उजेडात पुस्तकात पाहून मराठीतून, खरे तर वऱ्हाडीतूनच, कथा सांगत होतो. मधूनमधून कोणीतरी उठून डबा बडवून येत असे. कोनान वरच्या दालनात शिरतो आणि त्याला तेथे हत्तीचे मस्तक असलेली एक मूर्ती दिसते, येथपर्यंत मी आलो, तेव्हा दोघांनी मुकाट्याने पायांतल्या चपला काढून बाजूला ठेवल्या.

मग ती मूर्ती हलते. ती मूर्ती नसतेच. तो परक्या ग्रहावरून आलेला एक जीव असतो, त्याचे डोळे फोडलेले असतात, हातपाय छळाने मोडलेले असतात, आणि मांत्रिकाने त्याच्याकडून सगळी विद्या उकळून त्याला वर्षानुवर्षे डांबून ठेवलेले असते. आंधळा जीव सोंड पुढे करतो आणि कोनानचा चेहरा चाचपतो. त्या फुटक्या डोळ्यांतून पाणी येते. चोरी करायला आलेल्या त्या आडदांड पोराला सगळ्या मनुष्यजातीच्या वतीने लाज वाटते. हत्तीमुखी जीव त्याला सांगतो, माझे काळीज काप, रक्त त्या रत्नावर पीळ आणि ते मांत्रिकाकडे घेऊन जा. कोनान तसे करतो. मांत्रिक आक्रसत आक्रसत त्या रत्नात ओढला जातो, रत्न फुटते, आणि कोनान बाहेर पडल्यावर सगळा मनोरा पहाटेच्या उजेडात कोसळतो. कोनानच्या हाती काहीही लागत नाही.

शेकोटीपाशी थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग ज्यांना सारे गाव आबाजी म्हणत असे ते म्हणाले, “बाप्पा, हा कोनान तं आपल्यासारखाच निंगाला. रातभर राबला अन् हातात काईच नाई.” या कथेवर लिहिलेली बरीच समीक्षा मी त्यानंतर वाचली; त्या एका वाक्याच्या पुढे गेलेली थोडीच.

नव्वद वर्षे उलटूनही या कथा का वाचल्या जातात?

या प्रश्नाला ‘मनोरंजन’ असे एका शब्दात उत्तर देणारे लोक आहेत, आणि ते चूक नाहीत. पण मनोरंजन करणारी हजारो पुस्तके त्याच काळात त्याच स्वस्त कागदावर छापली गेली आणि नाहीशी झाली. तेव्हा हीच का टिकली, एवढा प्रश्न उरतोच.

माझ्या मते मुख्य कारण कथेच्या मापात आहे. या कथांतील संकट माणसाच्या उंचीचे असते. आज रात्री या भिंतीवरून चढायचे आहे, या तळघरातून बाहेर पडायचे आहे, उजाडेपर्यंत या जनावराला अडवायचे आहे. ज्याचे आयुष्य अशाच मापाच्या कामांत जाते, त्याला ही गोष्ट स्वतःची वाटते. कृषिपंपाला वीज रात्रीच्या पाळीत मिळते तेव्हा दोन वाजता उठून, साप-विंचवाच्या वाटेने, एकट्याने ओलिताला जाणारा माणूस जगाच्या भवितव्याचा विचार करत नसतो. पाणी दांडाच्या शेवटापर्यंत पोचले की त्या रात्रीपुरता तो जिंकलेला असतो. उद्या पुन्हा वीज आहे, पुन्हा रात्र आहे. कोनान काय, लायबर यांच्या कथांतले फाफ्र्ड आणि ग्रे माउझर हे दोन मित्र काय, सारे याच हिशेबाने जगतात.

दुसरे म्हणजे या नायकाच्या पाठीशी कोणी नसते. त्याच्या जन्माच्या वेळी भविष्यवाणी झालेली नसते, घराण्याची तलवार त्याच्यासाठी राखून ठेवलेली नसते, कोणी पांढऱ्या दाढीचा गुरू त्याला वाट दाखवत नाही. कोनान लोहाराचा मुलगा आहे. पुढे तो राजा होतो, पण वशिल्याने होत नाही.

तिसरे कारण चेटकाचे आहे, आणि त्याकडे कमी लक्ष जाते. या कथांतील जादू कधीच फुकटची नसते आणि कधीच भल्या माणसाची चाकर नसते. ती मनोऱ्यात बसलेल्या, खाली कधी न उतरणाऱ्या कोणाच्या तरी हातात असते; तिचे नियम खालच्या लोकांना ठाऊक नसतात; परिणाम तेवढे भोगावे लागतात. मूरकॉक यांच्या एल्रिक या दुबळ्या, पांढुरक्या राजाकडे एक काळी तलवार आहे, ती त्याला बळ देते, पण त्यासाठी ती माणसांचे आत्मे पिते, आणि ज्यांच्यावर त्याचा जीव आहे त्यांनाही सोडत नाही. जे बळ उसने आणले त्याचे व्याज असेच वसूल होते, हे आमच्या वाचकांना कोणी शिकवावे लागत नाही.

आणि सांगण्याची रीत. हॉवर्ड यांनी कोनानचे आयुष्य ओळीने लिहिले नाही. पहिल्या कथेत तो प्रौढ राजा आहे, पुढच्या एका कथेत पोरगा चोर, नंतर कधी दर्यावर लुटारू, कधी भाडोत्री शिपाई. ओट्यावर बसलेला म्हातारा जसा आज तरुणपणीची, उद्या लहानपणीची, परवा कालपरवाची गोष्ट आठवेल तशी सांगतो, तशी ही रीत आहे. म्हणून कोणतीही कथा आधी वाचली तरी बिघडत नाही, आणि पुस्तकाची पहिली तीस पाने फाटून गेली असली तरी वाचक अडत नाही. आमच्या वाचनालयाच्या दृष्टीने हा गुण फार मोलाचा आहे.

आपल्याकडे असे काही नव्हते का? हे सगळे परदेशातूनच आले?

हा प्रश्न बहुधा थोड्या रागाने विचारला जातो. उत्तर असे की नाव परदेशी आहे, ऐवज येथेही भरपूर होता.

वेताळपंचविशीची चौकटच घ्या. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात ती येते, आणि ‘चांदोबा’ने ती मराठी घराघरांत पोचवली, १९५२ पासून मराठीत निघू लागलेल्या त्या मासिकातील, चित्रकार शंकर यांनी काढलेले, खांद्यावर प्रेत आणि हातात उपसलेली तलवार घेतलेल्या राजाचे चित्र एका सबंध पिढीच्या डोळ्यांत ठसलेले आहे. पण बहुतेकांना मधल्या कोड्यांच्या गोष्टी आठवतात आणि शेवट आठवत नाही. राजा मध्यरात्री एकटा स्मशानात आहे. ज्या भिक्षूच्या सांगण्यावरून तो प्रेत वाहतो आहे, तो खरा मांत्रिक असून राजाचाच बळी देणार आहे. वेताळ शेवटी राजाला सावध करतो. भिक्षू राजाला म्हणतो, साष्टांग नमस्कार घाल. राजा म्हणतो, मला सवय नाही, तुम्ही आधी करून दाखवा. आणि भिक्षू आडवा होताच त्याचे मुंडके उडवतो. तलवार आहे, चेटूक आहे, रात्र आहे, आणि बळापेक्षा समयसूचकता कामी आली आहे.

विदर्भाशी जोडलेली याहून सरस गोष्ट महाभारताच्या वनपर्वात आहे. लोपामुद्रा विदर्भाच्या राजाच्या घरी वाढली आणि अगस्त्यांना दिली गेली. माहेरी होते तसे दागिने आणि तशी शेज हवी, असे तिने स्वच्छ सांगितले, तेव्हा अगस्त्य धन मागायला निघाले. एकामागून एक तीन राजांकडे ते गेले, प्रत्येकाने आपला जमाखर्च पुढे ठेवला, आणि प्रत्येकाची जेमतेम तोंडमिळवणी होत असल्याचे पाहून त्यांनी कोणाकडूनच काही घेतले नाही. उरला इल्वल नावाचा श्रीमंत असुर. तो आपल्या भावाला, वातापीला, मेंढा करून शिजवून ब्राह्मणांना वाढी आणि जेवण झाले की हाक मारी. वातापी पोट फाडून बाहेर येई. अगस्त्य जेवले. इल्वलाने हाक मारली. वातापी पचून गेला होता. घरखर्चासाठी निघालेला माणूस, चेटकी यजमान आणि जिवावरचे जेवण, यांतून याहून नेटकी कथा कोणत्याही अमेरिकन मासिकाने छापली असेल असे मला वाटत नाही.

लोककथांचे म्हणाल तर लोणारच्या सरोवराशी लवणासुराची आणि त्याला मारणाऱ्या दैत्यसूदनाची कथा जोडलेली आहे. ते विवर उल्कापाताने झाले हे विज्ञानाने सिद्ध केले, तरी खारट पाण्याच्या काठाने दैत्यसूदनाच्या देवळाकडे चालत जाताना दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या वाटतात. भीमाने कीचकाला मारून ज्या दरीत फेकले, तिच्यावरून चिखलदऱ्याचे नाव पडले असे सांगतात.

छापील मराठीतही ही परंपरा आहे. ‘मुक्तामाला’ ही कादंबरी १८६१ सालची. पुढे नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली, गो. ना. दातार यांची ‘कालिकामूर्ती’ आली, भुयारे आणि गुप्त दरवाजे आले. शेजारच्या हिंदीत देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ पासून धुमाकूळ घालत होती, आणि नागपूरच्या बाजूला हिंदी सहज चालत असल्याने ती येथेही वाचली जाई. तिच्यातील तिलिस्म, म्हणजे गूढ भुलभुलैया, बरेचसे यंत्रांच्या करामतीवर चालते, म्हणजे चेटूक असे त्यात कमीच. पण पकड तीच.

एवढ्यावर थांबायला हवे, पण ‘कथासरित्सागर’ ज्या बृहत्कथेवर आधारलेला आहे तिचा कर्ता गुणाढ्य, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सातवाहन राजाने त्याची बृहत्कथा नाकारली, तेव्हा गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचलेले पान अग्नीत टाकू लागला. जनावरे चारा सोडून, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. आमच्या हरभऱ्यावर येणारे रोही अजून तितके रसिक झालेले नाहीत.

टोल्किन यांच्या कादंबऱ्या याच प्रकारात येतात का?

नाही. टोल्किन या इंग्रज लेखकाच्या १९५४-५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या मोठ्या कादंबरीत सगळ्या जगाचे भवितव्य पणाला लागते, सैन्ये चालून जातात, राजा परत येतो. ती महाकाव्याची वाट आहे. तलवार-चेटूक ही पोवाड्याच्याही आधीची, शेकोटीपाशी सांगायची गोष्ट आहे. दोन्ही वाचावीत, मात्र एकीच्या अपेक्षेने दुसरी वाचू नये.

या पुस्तकांमुळे मुलांचा जादूटोण्यावर विश्वास बसणार नाही का?

ही काळजी मी हलकी मानत नाही. जादूटोण्याच्या संशयावरून माणसांना मारहाण झाल्याच्या बातम्या आपल्या भागातून आजही येतात, आणि २०१३ साली महाराष्ट्राला त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. एकदा एका गुरुजींनी वर्गात सापडलेले आमचे पुस्तक जप्त करून परत पाठवले, वर चिठ्ठी होती की असले साहित्य गावात वाटू नये. मी भेटायला गेलो आणि त्यांना दोनच गोष्टी विचारल्या. या पुस्तकातला मांत्रिक कोणाच्या कामी येतो? आणि शेवटी त्याचे काय होते? गुरुजींनी पुस्तक उघडले नव्हते.

गावातला भोंदू सांगतो की मंत्रापुढे माणसाचे काही चालत नाही. या कथा नेमके उलटे सांगतात. मांत्रिक भितो, त्याला जखम होते, त्याला मरण येते, आणि त्याच्या मनोऱ्यावर चढणारा माणूस जवळजवळ उघडा असतो.  मूल लहान असेल तर सोबत बसून वाचावे आणि गोष्ट ही गोष्ट आहे हे बोलावे, एवढेच मी सुचवीन.

यांत स्त्रिया फक्त वाचवून घेण्यापुरत्या असतात, ही तक्रार खरी आहे का?

पुष्कळ कथांत खरी आहे. मासिकाच्या मुखपृष्ठांनी त्यात भरच घातली. हॉवर्ड यांच्या लेखनात वंशाविषयीचे त्या काळचे पूर्वग्रहही उघड दिसतात. काळ्या माणसांची काही वर्णने आज वाचताना संताप येतो, आणि तो यायलाच हवा. ज्यांच्या आजोबांना गावाच्या विहिरीवर पाणी भरू दिले गेले नाही, त्या वाचकाला ‘तेव्हा तसेच चालायचे’ असे मी सांगू शकत नाही.

पण त्याच मासिकात ऑक्टोबर १९३४ मध्ये सी. एल. मूर यांची जिरेल आली. जिरेल एका गढीची मालकीण आहे, गढी शत्रूने जिंकली आहे, आणि सूडासाठी ती तळघराखालच्या भुयारातून एका परक्या, अंधाऱ्या जगात एकटी उतरते. तेथून ती जे शस्त्र आणते ते चालवल्यानंतरच तिला कळते की आपण काय गमावले. लेखिका एका बँकेत नोकरी करत होत्या आणि नावाची आद्याक्षरेच छापत, त्यामुळे अनेक वाचकांना त्या पुरुष वाटत. पुढे १९८१ मध्ये चार्ल्स सॉन्डर्स या कृष्णवर्णीय लेखकाने इमारो हा आफ्रिकेच्या मातीतला नायक घेऊन कादंबरी प्रसिद्ध केली. ज्या प्रकाराने आपल्याला बाहेर ठेवले त्यात शिरून त्याने स्वतःची तलवार उपसली. आमच्याकडे जिरेलचे पुस्तक सध्या बारावीच्या एका मुलीकडे आहे, आणि तिच्या मागे दोन नावे नंबरात आहेत, दोन्ही मुलींचीच.

सगळ्या कथा सारख्याच वाटतात. त्या तशाच आहेत का?

नकला सारख्या आहेत, आणि नकला फार झाल्या. १९६६ पासून अमेरिकेत कोनानची स्वस्त कागदी पुस्तके फ्रँक फ्रॅझेटा यांच्या जबरदस्त मुखपृष्ठांसह निघाली, १९७० मध्ये चित्रकथांची (कॉमिक्सची) मालिका आली, १९८२ मध्ये चित्रपट आला, आणि दंड थोपटणाऱ्या नायकांची रांग लागली. कंटाळा आला तर लायबर यांच्याकडे वळावे. फाफ्र्ड हा उत्तरेकडचा ताडमाड गडी आणि ग्रे माउझर हा बुटका, चपळ चोर यांची जोडी १९३९ मध्ये प्रथम छापून आली. हे दोघे चिडवतात, फसतात, दारू पितात, एकमेकांचे पैसे बुडवतात आणि एकमेकांसाठी जीव टाकतात. शंकरपटाला मिळून गेलेल्या दोन जिवलगांचे बोलणे ज्याने ऐकले आहे, त्याला त्यांची भाषा परकी वाटणार नाही.

इंग्रजी वाचता येत नाही. या कथा मराठीत करायच्या तर परवानगी लागेल का?

भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन सर्वांसाठी खुले होते. हॉवर्ड १९३६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कथांचे भाषांतर येथे कोणीही करू शकतो. मूर १९८७ मध्ये आणि लायबर १९९२ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्यासाठी थांबावे लागेल किंवा परवानगी घ्यावी लागेल. मूरकॉक यांच्या लेखनालाही परवानगी हवीच.

भाषांतर करू इच्छिणाऱ्यास एक अनुभवाचा सल्ला. मी पहिल्यांदा कोनानला ऐतिहासिक कादंबरीतली भारदस्त मराठी बोलायला लावली आणि तो एखाद्या सरदाराच्या वरातीतला भालदार वाटू लागला. वर्णन प्रमाण मराठीत ठेवून त्याच्या तोंडी थोडी, खडबडीत वाक्ये घातल्यावर तो पुन्हा चालू-फिरू लागला.

पुस्तक किती दिवस ठेवता येते?

एरवी पंधरा दिवस. घाटे भरल्यापासून हरभरा घरी येईपर्यंत जागलीवर जाणाऱ्यांसाठी महिनाभर. पुस्तक शेकोटीजवळ ठेवू नये, दवात ठेवू नये आणि डबा बडवायला उठताना पालथे घालून जाऊ नये, कारण शिवण सुटते. हत्तीच्या मनोऱ्याचे पुस्तक मागणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की त्यातील कोनान वरच्या दालनात शिरतो ते पान धुराने पिवळे पडलेले आहे आणि पुढच्या दोन पानांच्या मध्ये हरभऱ्याचे एक टरफल चिकटलेले आहे. ते कोणी काढू नये. काढले तर अक्षरे निघतात.